उद्घाटनाचा एक्स-रे

माझ्या घराची पुढची खोली थेट रस्त्यावर उघडते. तेलगावात अशी खोली रिकामी ठेवली की येणारा-जाणारा प्रत्येक जण तिच्यासाठी स्थळं सुचवायला लागतो. कुणी म्हणालं झेरॉक्स टाका, कुणी म्हणालं खताच्या दुकानाला द्या. एकाने तर बियरबार सुचवला आणि माझी बायको मंगल दारातच उभी आहे हे लक्षात आल्यावर, "म्हंजे कोल्ड्रिंकचं म्हनतो मी," असं म्हणून चहा अर्धा टाकून गेला. मी तहसीलीतून अव्वल कारकून म्हणून निवृत्त झालेला माणूस. आयुष्यभर लोकांच्या अर्जांवर शेरे मारले. माझ्या खोलीत कुणी झेरॉक्स काढत बसावं हे मला पटेना. मला काहीतरी भारदस्त हवं होतं.

ते भारदस्त काहीतरी एके दिवशी स्वतःहून चालत आलं. डॉ. प्रियदर्शनी नावाच्या हाडांच्या डॉक्टर बीडहून अधूनमधून तेलगावला पेशंट बघायला येत असत. त्यांना एक्स-रे मशीनसाठी जागा हवी होती. उसाच्या ट्रॉलीवरून पडलेला, मोटारसायकलवरून घसरलेला, विहिरीत उतरताना पाय मोडून घेतलेला प्रत्येक माणूस फोटोसाठी माजलगाव नाहीतर बीड गाठतो, त्याचे हाल होतात, असं त्या सांगत होत्या. त्यांचं बोलणं पुरं व्हायच्या आत मी हो म्हणालो. लोकांचे हाल ऐकून मी विरघळलो असं मी गावात सगळ्यांना सांगितलं. खरं कारण एवढंच, की माझ्या दारावर 'डिजिटल' हा शब्द लिहिला जाणार होता.

मग मॅडमनी अटी सांगितल्या. भिंती नऊ इंची हव्यात. रस्त्याकडची खिडकी बुजवायची. दाराला आतून शिशाचा पत्रा लावायचा. दारावर लाल दिवा हवा आणि तो पेटलेला असताना खोलीत पेशंटशिवाय कुणी म्हणजे कुणीही थांबायचं नाही. बाहेर मोठ्या अक्षरांत पाटी हवी: 'गर्भवती स्त्रियांनी आधी सांगावे.' आणि सगळ्यात महत्त्वाचं, मुंबईच्या अणुऊर्जेच्या ऑफिसची परवानगी आल्याशिवाय मशीन चालू करायचं नाही.

"अणुऊर्जा?" मी विचारलं.

"किरणांचं काम सगळं तिकडंच असतं, काका. घाबरायचं काही नाही, फक्त नियम पाळायचे."

नियम हा माझा प्रांत. मी त्या दिवशी टेबल पुसून घेतलं आणि ग्रामपंचायतीच्या ना हरकत दाखल्यासाठी अर्ज लिहायला बसलो. अर्ज कसा लिहावा हे मला कुणी शिकवायची गरज नाही. विषयाच्या ओळीत मी लिहिलं, 'राहते घरी अणुऊर्जाविषयक यंत्रणा उभारणेबाबत.' आता एवढ्या वजनदार ओळीने काय होईल याचा अंदाज तहसीलीत जन्म घालवलेल्या माणसाला यायला हवा होता. ग्रामसेवकाने अर्ज वाचला, चष्मा काढला, परत घातला आणि म्हणाला, "साहेब, अणुबॉम्बचा दाखला आमच्या अधिकारात बसत न्हाई. तालुक्याला इचारावं लागंल."

दुसऱ्या दिवशी सकाळी दार उघडलं तर ओट्यावर माणसं बसलेली. सगळ्यांच्या हातात सातबारा. अणुप्रकल्प येतोय, जमिनी जाणार, मावेजा मिळणार, अशी बातमी गावभर झाली होती. मी घसा कोरडा होईपर्यंत समजावलं, की प्रकल्प नाही, हाडांचा फोटो काढायचं मशीन आहे, ते या खोलीत मावतं. एक म्हातारबाबा शांतपणे ऐकत होते. शेवटी म्हणाले, "ते सगळं खरं, पर आमचं तळ्यावरचं वावर घ्या की त्याच्यात. लई खडकाळ हाय." त्यांचं समाधान मला आजतागायत करता आलेलं नाही.

जमीन जाणार नाही म्हटल्यावर लोकांचा अणुऊर्जेवरचा लोभ संपला आणि भीती सुरू झाली. आमच्या भिंतीला भिंत लागून अर्जुनरावांचं घर आहे. अर्जुनराव म्हणजे गावातलं वजनदार प्रस्थ. पन्नास एकर ऊस, दारात पांढरी गाडी आणि निवडणूक कुठलीही असो, त्यांच्या ओसरीवर बैठक झाल्याशिवाय ती पुढे सरकत नाही. त्यांच्या पत्नी बायनाबाई एके सकाळी भिंतीवरून डोकावल्या.

"भावजी, मशीन आलं का?"

"अजून नाही वहिनी. पुढच्या आठवड्यात येईल."

"आमची म्हैस कालपासून दूध चोरायली."

"पण मशीन अजून आलंच नाही ना."

"म्हंजे आल्यावर काय व्हईल बघा की!" बायनाबाई म्हणाल्या. किरणांना शेणाचा सारवा आडवा येतो, असं त्यांनी मोबाईलवर बघितलं होतं. मी त्यांना शिसं, विटांची जाडी, काँक्रीट वगैरे समजावून सांगितलं. पण शेजार टिकवायचा म्हणून शेवटी शिसं लावलेल्या त्या अद्ययावत खोलीची मागची भिंत मंगलने शेणाने सारवून दिली. मॅडम बघायला आल्या तेव्हा त्यांनी भिंतीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि काही विचारलं नाही. तो अपमान मी गिळला.

दाराचं सांगायचं तर, शिशाचा पत्रा ठोकल्यावर ते इतकं जड झालं की पहिल्यांदा उघडलं तेव्हा चौकटीसकट बाहेर आलं आणि सुताराच्या पायावर पडलं. मॅडमनी त्याचा पाय तपासला आणि म्हणाल्या, एक्स-रे काढावा लागेल. आमचं मशीन तेव्हा खोक्यात होतं. सुताराला माजलगावला न्यावं लागलं.

शेवटी मशीन बसलं. ते चालवायला मॅडमनी युवराज नावाचा पोरगा ठेवला. त्याला मशीन येत होतं, पण त्याहून जास्त रील काढता येत होत्या. परवानगीची वाट बघणं चालू होतं. इकडे अर्जुनराव रोज ओसरीवर, "मोहनरावानं गावाला न इचारता बॉम्ब आनला," असं बोलत होते. त्यांचं तोंड बंद करायचा एकच उपाय आमच्या भागात चालतो. तो म्हणजे माणसाला प्रमुख पाहुणा करायचा. मी उद्घाटन ठरवलं आणि अर्जुनरावांच्या हस्ते फीत कापायचं निमंत्रण दिलं. त्या दिवसापासून बॉम्बचं 'आपल्या गावाचं भूषण' झालं आणि म्हैसही दूध द्यायला लागली.

मॅडमनी मात्र बजावलं होतं. "काका, नारळ फोडा, पेढे वाटा, भाषणं करा. पण परवानगी आलेली नाही. मशीनला हात लावायचा नाही. युवराजनेही बटण दाबायचं नाही." त्या स्वतः येणार होत्या. ऐन वेळी बीडला अपघाताचे पेशंट आले आणि त्यांचा फोन आला, की मी ऑपरेशनमध्ये अडकले, तुम्ही कार्यक्रम उरका, मशीन बंद ठेवा. मी म्हणालो, "तुम्ही निर्धास्त राहा." हे वाक्य मी नोकरीतही पुष्कळांना ऐकवलं होतं आणि तेव्हाही ते निर्धास्त राहिले नसते तर बरं झालं असतं.

आता इथे माझ्या सुनेबद्दल सांगायला हवं. मंजुषा. माझा मुलगा अभिमन्यू चाकणला कंपनीत आहे, ती आमच्याकडे तेलगावात. पालीची पोरगी. मोठी हसरी. ती लग्न होऊन आली तेव्हापासून आमच्या घरात रेडिओ लावायची गरज उरली नव्हती. मला ती मामा म्हणायची आणि माझ्या अर्जांची भाषा वाचून हसायची. मला तिचा राग येत नसे, यावरून ती किती लाडकी होती ते समजावं. कार्यक्रमाच्या सकाळी ती माझ्याकडे आली.

"मामा, पाव्हन्यांना आत्या ओवाळतील. मी सैपाकघरातच थांबते."

"छे! घरची सून ओवाळते ते शोभून दिसतं. फोटोत यायचंय," मी म्हणालो.

ती काहीतरी बोलणार होती. पण मांडववाला आला आणि मी त्याच्याशी भांडायला गेलो.

अर्जुनराव आले ते एकटे नाही. त्यांच्याबरोबर त्यांची माणसं आली, त्या माणसांची माणसं आली. फेटा बांधला, हार घातला, फीत कापली, नारळ फोडला. इथवर सगळं नियमाला धरून होतं. मग अर्जुनराव मशीनकडे बघत म्हणाले, "मोहनराव, फीत कापायला काय, मी रसवंतीची बी कापतो. यंत्र चालू करून दाखवा की."

मागून कुणीतरी ओरडलं, "पयला एक्स-रे सायबांचा!"

टाळ्या पडल्या. युवराज माझ्याकडे बघायला लागला. मी सांगायला हवं होतं, की परवानगी नाही, मशीन बंद आहे. त्यासाठी एक वाक्य पुरलं असतं. पण फेटा बांधलेल्या पाहुण्याला, पन्नास माणसांसमोर, माझ्या ओट्यावर उभं करून 'नाही' म्हणायचं? माझी मान आपोआप होकारार्थी हलली. माझ्या मानेला नोकरीपासून ती सवय आहे.

खोलीत सगळेच घुसले. युवराज म्हणाला, "बाकीच्यांनी भाईर थांबा."

अर्जुनराव भडकले. "माझी मानसं भाईर अन् मी एकटाच आत? मला कोंडून घालता का बे?"

प्रमुख पाहुण्याला एकटं सोडणं म्हणजे आमच्याकडे पाहुण्याला हाकलण्यासारखंच. कुणी हललं नाही. तेवढ्यात कुणाची तरी नजर खुंटीवर लटकलेल्या शिशाच्या एप्रनवर गेली. किरणं अंगावर येऊ नयेत म्हणून जवळच्या माणसाने घालायचा तो. एकच होता आणि फार महाग होता. मी तो काढला. एवढी जड, भारी वस्तू दुसऱ्या कुणाला घालणं शोभलं नसतं, म्हणून मी ती शालीसारखी अर्जुनरावांच्या अंगावर घातली. पुन्हा टाळ्या पडल्या. युवराज म्हणाला, "सर, एप्रनमधून छाती—" अर्जुनराव म्हणाले, "तू गप."

मंजुषा औक्षणाचं ताट घेऊन दारात उभी होती. मी तिला खूण केली. तिने मान हलवली. नाही म्हणून हलवली, हे मला स्पष्ट दिसलं. मला वाटलं, इतक्या पुरुषांत लाजतेय. मी सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणालो, "अगं ये की पुढं, सून आहेस का पाहुणी?" लोक हसले. ती आली आणि अर्जुनरावांच्या बाजूला उभी राहिली. युवराज जाड काचेच्या आडोशामागे गेला आणि त्याने बटण दाबलं.

स्क्रीनवर काहीच आलं नाही. म्हणजे छातीच्या जागी नुसता पांढराफेक ठोकळा. अर्जुनरावांचा चेहरा उतरला. "माझ्या छातीत काहीच न्हाई?" त्यांनी बारीक आवाजात विचारलं. निवडणुकीत पडले तेव्हाही त्यांचा आवाज इतका बारीक झाला नव्हता. शिशामुळे असं होतं, हे युवराजने घाईघाईने सांगितलं आणि एप्रन उतरवून पुन्हा बटण दाबलं. या वेळी छाती आली, पण समारंभाचे फोटो काढणाऱ्याचा मोबाईल हँग झाला होता. "सायेब, परत एकदा," तो म्हणाला. परत एकदा झालं. मंजुषा तिथेच होती, ताट हातात धरून.

चित्र सगळ्यांनी रांगेने पाहिलं. बरगड्या, त्यावर गळ्यातलं लॉकेट आणि खिशातली तिजोरीची किल्ली. बायनाबाई म्हणाल्या, "काळजापाशी किल्लीच हाय, मला म्हाईतच होतं." एवढा हशा त्या खोलीत पुन्हा कधी झाला नाही. मी त्या दिवशी फार खूश होतो. आज ते आठवलं की अंगाचा तिळपापड होतो, आणि तो राग दुसऱ्या कुणावर काढता येत नाही.

पाहुणे जेवून गेले आणि मंगल मला आत घेऊन गेली. मंजुषा स्वयंपाकघरात खाली बसून रडत होती. मला वाटलं, मी लोकांत बोललो त्याचं वाईट वाटलं. मी म्हणालो, "अगं, गमतीत म्हणालो मी."

"अवो, तिला दिवस गेल्यात," मंगल म्हणाली. "दुसरा महिना हाय. आत्ता सांगितलं मला."

"मग आधी कावून नाही सांगितलं?" मी ओरडलो. मी नेहमी शुद्ध बोलतो, पण घाबरलो की माझं तोंड गावाकडे वळतं.

"आईनं सांगितलतं," मंजुषा म्हणाली, "तिसरा लागल्याबिगर कुणालाच बोलायचं न्हाई. दृष्ट लागती. अन् तिथं पन्नास बाप्ये होते मामा. तिथं कसं बोलू? मी मान हलवली की."

घरात जे बोलायची बंदी, तेच दारावरच्या पाटीत 'आधी सांगावे' म्हणून मी ठळक अक्षरांत लिहून घेतलं होतं. रंगारी 'गर्भवती'चा रफार विसरला होता, तो मी स्वतः उभा राहून दुरुस्त करून घेतला होता. मी रफारावर लक्ष ठेवलं आणि सुनेवर ठेवलं नाही.

मी अभिमन्यूला फोन केला. त्याने सगळं ऐकलं. मग तो म्हणाला, "बाबा, तुमी होतात ना तिथं?" एवढंच. त्याने मला शिव्या दिल्या असत्या तर मला सोपं गेलं असतं.

मग मी शिकलेल्या माणसाने करू नये ते केलं. मोबाईलवर किरणोत्सर्ग शोधला. त्याने मला बॉम्ब पडलेली शहरं दाखवली, वाकड्या हातापायांची मुलं दाखवली. छातीच्या एका फोटोत आणि बॉम्बमध्ये फरक असतो, हे मोबाईल सांगत असेलही, पण तेवढं खाली मी गेलो नाही. मॅडमना फोन करायची माझी हिंमत होत नव्हती. मशीन चालू केलं हे आधी कबूल करावं लागलं असतं, आणि मला त्या भयानक घडीलाही स्वतःची अब्रू दिसत होती.

भिंतीपलीकडे सगळं ऐकू जातं. सकाळी बायनाबाई आल्या. या वेळी भिंतीवरून नाही, दारातून.

"भावजी, उशीर करू नका. खाली करून घ्या. पोर वाकडंतिकडं जलमलं तर जलमभर कोन सांभाळंल? ती लहान हाय, व्हतील आनखी." त्या मनाने वाईट नाहीत. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. ओळखीचा एक डॉक्टर आहे, तो फार विचारत नाही, असंही त्या म्हणाल्या. मागोमाग अर्जुनराव आले. त्यांनी आपली गाडी देऊ केली आणि मला बाजूला घेऊन विचारलं, "मोहनराव, ह्या किरणांनी गड्यामानसाला काय व्हत न्हाई ना?"

मंगल माझ्याकडे बघत होती. मंजुषाही बघत होती. मी घरातला मोठा माणूस, मी काय म्हणतो ते होणार होतं. मी हो म्हणालो नाही. पण नाहीही म्हणालो नाही. मी म्हणालो, "बघा, तुम्हा बायकांना जे योग्य वाटेल ते." असा शेरा मी आयुष्यभर मारला होता. जबाबदारी खालच्या टेबलावर ढकलायची असली की मारायचा शेरा तो. मंजुषा आत गेली आणि पिशवी भरून बाहेर आली. गाडीत बसली तेव्हा तिने पोटाशी पिशवी घट्ट धरली होती.

त्याच वेळी मॅडमची गाडी समोर येऊन उभी राहिली. युवराजने उद्घाटनाची रील टाकली होती आणि ती बीडला त्यांच्या ऑपरेशन थिएटरच्या बाहेर बसलेल्या लोकांची बघून झाली होती. त्या उतरल्या त्याच संतापून.

"काका, मी काय सांगितलं होतं तुम्हाला?"

त्यांनी गाडीतली मंजुषा पाहिली, पिशवी पाहिली, बायनाबाईंकडे पाहिलं. "कुठं निघालात?" त्यांनी विचारलं. शेवटी मंजुषानेच सांगितलं. मॅडम गाडीच्या दाराशी उकिडव्या बसल्या आणि त्यांचा आवाज एकदम बदलला.

"तू कुठं उभी होतीस? त्यांच्या बाजूला? किरणांच्या तोंडासमोर नाही ना? किती वेळा दाबलं बटण?" तिने सांगितलं. "मग ऐक. किरण त्यांच्या छातीवर गेले. तुझ्यापर्यंत आले ते इकडेतिकडे उडालेले थेंबभर. जमिनीतून, आभाळातून आपल्याला सगळ्यांना रोज जेवढं मिळतं, त्याहून ते कमी. बाळाला इजा व्हायला याच्या कितीतरी पट लागतं. तुझाच छातीचा फोटो काढला असता, तरी मी तुला हेच सांगितलं असतं. बटण सोडलं की किरण संपले, ते अंगात राहत नाहीत. यासाठी पोट पाडायचं काहीही कारण नाही. कळलं?"

"नक्की, मॅडम?" मंगलने विचारलं.

"माझ्यावर विश्वास नसेल तर बीडला बायकांच्या डॉक्टरांकडे चला. मी बरोबर येते."

अर्जुनरावांच्या त्याच गाडीतून आम्ही बीडला गेलो. तिथल्या डॉक्टरबाईंनी तेच सांगितलं, शब्दही जवळपास तेच. गाडी ज्या कामासाठी दारात लागली होती ते काम काही तासांवर होतं, हे आठवलं की मी अजून रात्री उठून बसतो.

परतताना मॅडम मला म्हणाल्या, "काही झालं नाही काका, पण त्याचा अर्थ काही होत नाही असा काढू नका. ती किरणांच्या समोर नव्हती, बाजूला होती, दोनतीनदाच झालं, म्हणून निभावलं. रोज असे नातेवाईक आत उभे राहिले असते तर? पेशंटजवळ थांबायचंच असेल तर एकाने थांबायचं, एप्रन घालून, आणि पोटुशी बाईने तर नाहीच. एवढं सोपं आहे हो." मी मान डोलावली. त्या दिवशी ती नकारार्थी हलली असती तर, असं मनात आलं.

त्यांनी मशीन हलवलं. युवराजला काढलं. परवानगी मिळाली, पण दुसऱ्या जागेची. ती जागा म्हणजे चौकातला अर्जुनरावांचा गाळा. आता तिथे शिशाचं दार आहे, लाल दिवा आहे आणि दारात बायनाबाई स्वतः खुर्ची टाकून बसतात. पेशंटबरोबर दुसरा कुणी आत शिरला तर त्याच्या दंडाला धरून बाहेर काढतात. त्यांची म्हैस गाळ्याच्या मागेच बांधलेली असते आणि तिच्या दुधाबद्दल कसलीही तक्रार नाही. माझ्या खोलीत झेरॉक्सचं मशीन आलं.

हे सगळं मी हसून सांगतो, पण त्यानंतरचं हसून सांगता येत नाही. दोन डॉक्टरांनी छातीठोकपणे सांगितलं, तरी भीती गेली नाही. गावातल्या बायका 'सहज' येऊन मंजुषाच्या पोटाकडे बघून जायच्या. 'किरणं लागलेली सून' असं तिचं नाव पडलं होतं. सोनोग्राफी झाली की ती एकच विचारायची, "सगळं जागच्या जागी हाय का?" हाय म्हटलं की तिला तेवढ्यापुरतं बरं वाटायचं आणि घरी येईपर्यंत ते उतरायचं. मंगलने डोहाळजेवणाचं काढलं, तर म्हणाली, "नको आत्या, आधी सुखरूप होऊ द्या." टोपडं शिवू दिलं नाही, नाव सुचवू दिलं नाही. माझ्याशी ती कधी वाकडं बोलली नाही. चहा वेळेवर द्यायची. पण माझे अर्ज वाचून हसायला ती आली नाही. घर इतकं शांत झालं की मंगलने माळ्यावरचा रेडिओ काढला आणि चार दिवसांनी परत ठेवून दिला.

बाळंतपणाला ती पालीला माहेरी गेली. मुलगी झाली, धडधाकट. अभिमन्यूचा फोन आला तेव्हा मुलगी झाली म्हणायच्या आधी तो म्हणाला, "बाबा, बोटं बरोबर हायत सगळी." मी फोन ठेवला आणि भिंतीकडे तोंड करून रडलो. मंगलने मला रडू दिलं.

सव्वा महिना झाल्यावर आम्ही पालीला गेलो. मी वाटेत वाक्य तयार केलं होतं: 'पोरी, माझ्या मोठेपणापायी तुला त्रास झाला, मला माफ कर.' अर्जाच्या मानाने चांगलं छोटं होतं. पण व्याह्यांनी आम्हाला मधल्या घरात बसवलं, मला टोपी-टॉवेलचा आहेर केला, त्यांचे भाऊबंद जमले, ऊस किती लागला, धरणात पाणी किती, असं चालू झालं. मान इतका होत होता की माफी मागायला जागाच मिळेना. मग मंजुषा बाळ घेऊन आली आणि तिने ते माझ्या मांडीवर दिलं. ती वाळली होती. समोरच बसली आणि हळूच, मला एकट्याला ऐकू येईल असं म्हणाली,

"मामा, ही अजून हसली न्हाई. डॉक्टर म्हनतात हसंल, येळ लागतो कधीकधी. पर मला वाटतं, ही पोटात असताना मी हसलेच न्हाई. त्यामुळं तर नसंल ना?"

माझं तयार वाक्य आता कुठेच बसेना. असं काही नसतं, हे मला माहीत होतं, पण किरणांबद्दल दोन डॉक्टरांनी सांगूनही जिला पटलं नाही तिला मी काय सांगणार, आणि कुठल्या तोंडाने? त्या तोंडाचा मला तेवढा एकच उपयोग सुचला. मी डोळे तिरळे केले. गाल फुगवले. जीभ बाहेर काढून नाकाला लावायचा प्रयत्न केला. व्याही बोलता बोलता थांबले. त्यांचे भाऊबंद माझ्याकडे बघायला लागले. डोक्यावर आहेराची नवी टोपी तशीच होती. मंगल दाराआडून, "अवो!" म्हणाली. मी कानांशी हात नेऊन पंजे हलवले आणि गाढवाचा आवाज काढला, चांगला मोठ्याने.

पोरगी हसली नाही. टकामका माझ्याकडे बघत राहिली. मंजुषा हसली. आधी पदर तोंडाला लावून, मग पदर सोडून, पहिल्यासारखी खळखळून, आणि हसता हसता रडायला लागली. सगळे तिच्याकडे बघत होते. मी माझा चेहरा तसाच वाकडा धरून ठेवला. सरळ केला असता तर तोही रडला असता.